प्रवाळ खाणारा मासा : रक्षण कोणाचे?

समुद्राच्या वाढत्या तापमानामुळे जगभरातील प्रवाळभित्ती संकटात आहेत. अशा वेळी जिवंत प्रवाळ खाऊन जगणाऱ्या माशाला संरक्षण द्यावे काय, हा प्रश्न विसंगत वाटेल. बंपहेड पॅरटफिश, अर्थात कपाळावर मोठा उंचवटा असलेला पोपटमासा, याच्याबाबतीत मात्र तो टाळता येत नाही.

तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत आढळणारा हा मासा सुमारे 1.3 मीटर लांबीचा होतो आणि 40 वर्षांपर्यंत जगतो. चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचे लचके तोडून, घशातील दातांनी त्यांचा चुरा करून, तो न पचलेला भाग वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. ग्रेट बॅरिअर रीफवरील अभ्यासाच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एक मासा वर्षाला 5 टनांहून अधिक भित्ती पोखरतो. त्यातील सुमारे निम्मा भाग जिवंत प्रवाळाचा असतो.

ही केवळ नासधूस नव्हे. झपाट्याने वाढणाऱ्या प्रवाळांना आळा बसल्याने इतर प्रजातींना वाव मिळतो. मृत भाग खरवडला गेल्याने नव्या प्रवाळांना जागा होते. तथापि, पामायरा बेटावरील अभ्यासातून 2014 मध्ये या माशाचे हितकारक आणि अहितकारक असे दोन्ही परिणाम पुढे आले. त्यामुळे त्याला भित्तीचा निव्वळ शत्रू किंवा निव्वळ रक्षक ठरविणे योग्य होणार नाही.

माशाचे स्वतःचे भवितव्यही अनिश्चित आहे. रात्री उथळ पाण्यात समूहाने झोपण्याच्या सवयीमुळे तो भालाधारी मच्छिमारांच्या हाती सहज लागतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या 2012 च्या मूल्यांकनात तो 'असुरक्षित' गटात होता. त्याच वर्षी अमेरिकेने मात्र त्याला आपल्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याचे संरक्षण नाकारले.

सॉलोमन बेटांवरील किया परिसरात झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आणखी एक बाजू दाखविली. जंगलतोडीमुळे वाहून आलेला गाळ या माशांची पिल्ले वाढतात त्या किनाऱ्यालगतच्या प्रवाळांची हानी करतो. म्हणजेच रात्रीच्या मासेमारीवर बंदी घातली, तरी डोंगरावरील वृक्षतोड सुरू राहिल्यास ती अपुरीच ठरेल. प्रवाळ खाणाऱ्या या माशाचे बालपण प्रवाळांच्याच आश्रयाने जाते. त्यामुळे दोघांचे रक्षण वेगवेगळे करता येणार नाही.