कमावलेले की बनवलेले?

‘पोकेमॉन’ या १९९६ साली जपानात जन्मलेल्या व्हिडिओ गेममध्ये काल्पनिक प्राणी पकडून, वाढवून झुंजवायचे असतात. २०२३ साली योकोहामाच्या जागतिक स्पर्धेतून काही खेळाडू बाद झाले. त्यांच्या संघातील प्राणी कमावलेले नव्हते. जतन केलेल्या खेळातील आकडे बदलून बनवलेले होते.

‘ताकद नियमातलीच, मग बिघडले कुठे?’ हा सवाल पोकळ नाही. असा प्राणी वाढवायला तासन्‌तास लागतात, आणि रिकामा वेळ सर्वांना सारखा मिळत नाही. पण खासबागेत उतरलेल्या मल्लाने तालमीत घाम गाळला आहे, असे समोरचा धरूनच चालतो. मित्रहो, एकट्याने खेळताना आकडे खुशाल बदला. आखाड्यात मात्र जाचक नियम उघडपणे बदलून घ्यावा. चोरून मोडू नये.