मत म्हणजे कुणाचे वतन नव्हे

अमेरिकेचा विषय निघाला की प्राध्यापकांच्या खोलीत आजही एक वाक्य हमखास ऐकू येते: २००० साली राल्फ नेडर अध्यक्षपदासाठी उभे राहिले नसते तर बुश आलेच नसते. पुरावा ठरलेला. फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले. ग्रीन पक्षाच्या नेडर यांना तिथे ९७,४८८ मते पडली. आकडे खरे आहेत, पण त्यांच्या आडून येणारे गृहीतक तपासायला हवे. ही मते मुळात अल गोर यांच्या मालकीची होती आणि नेडर यांनी ती पळवली, हे कुणी ठरवले? दोष असलाच तर निसटत्या आघाडीवरही राज्याची सगळी निर्वाचक मते एकालाच बहाल करणाऱ्या पद्धतीचा आहे. मेन राज्याने २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदारांना पसंतिक्रम नोंदवू दिला. दोष दूर करता येतो तो असा. राहिला इराक युद्धाचा आरोप. त्या युद्धाला अधिकार देणाऱ्या २००२ च्या ठरावाला सिनेटमधील २९ डेमोक्रॅटांनीही मत दिले होते. त्यांना क्षमा आणि नेडर यांच्या मतदाराला मात्र जन्मठेप, हा कुठला न्याय? पटलेल्या उमेदवाराला मत देणे हा गुन्हा ठरला, तर निवडणुकीत निवडायचे ते काय?