तुळईची तीन टेबले

सुतारकाम पाहायला फार सोपे असते. मिस्तरी कानावर पेन्सिल खोचून रंधा मारतो, सागाची कुरळी सालपटे त्याच्या पायाशी पडतात, आणि बघणाऱ्याला वाटते, यात काय मोठेसे! वाचकहो, मलाही असेच वाटले होते. आणि त्या वाटण्याची फी मी वर्षभर भरतो आहे.

त्याचे असे झाले. नंदुरबार जिल्ह्यातले कळसाडी हे आमचे गाव. तिथले वडिलांचे घर गेल्या वर्षी उन्हाळ्यात उतरवावे लागले. माती मातीला मिळाली. उरली ती माजघरावरची सागाची तुळई. आम्हा तिन्ही भावंडांचा पाळणा तिच्याच कडीला टांगलेला असे. दादा म्हणाला, "विकून टाकू, तीन वाटे करू." मी म्हणालो, "विकायची नाही. मी तिची तीन छोटी टेबले करतो, प्रत्येकाला एक." ताई नेहमीप्रमाणे गप्प राहिली. जाताना दादा एवढेच म्हणाला, "बघ बाबा, तुळई एकच आहे."

गावच्या मिस्तरीआप्पांनी तुळई चिरायला नेण्यापूर्वी मला लोहचुंबक आणायला लावले. जुन्या लाकडात खिळे दडलेले असतात. चुंबकाला अकरा सापडले. बारावा करवतीला सापडला. हा पहिला धडा!

आप्पांचे वाडवडील तळोद्याला बैलगाड्या करीत. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात तळोद्याची नोंद आहे ती खानदेशातली लाकडाची मोठी बाजारपेठ म्हणून. इथली गाडी खानदेशात उत्तम आणि किंमत सुमारे ४० रुपये, असेही त्यात म्हटले आहे. अशा घराण्यातला माणूस माझा रंधा बघून हसत नव्हता, हा त्यांचा मोठेपणा.

श्रावणात पहिले टेबल उभे राहिले, आणि डगमगू लागले. मी एक पाय कापला. मग दुसरा जास्त वाटला, तो कापला. मग पुन्हा पहिला. सौभाग्यवती म्हणाल्या, "टेबलाचा चौरंग तर झालाच आहे, आता थांबा, नाहीतर पाट होईल." आप्पांनी मग रीत दाखवली. टेबल सपाट फरशीवर ठेवावे, अधांतरी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ते स्थिर करावे, एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांना एकाच उंचीवर रेघ मारावी, आणि मगच करवत हाती घ्यावी. "आणि सारवलेल्या जमिनीवर तिवईच बरी भाऊ," ते म्हणाले, "तीन पाय कधी डगमगत नाहीत."

वरची फळी मात्र मी चौकटीला सरस लावून, भरपूर स्क्रू पिळून, कायमची जखडून टाकली. दिवाळीत ते टेबल जळगावला दादाकडे पोहोचले. वैशाखात त्याचा फोन आला. "वडिलांच्या छपराला ती तुळई जन्मभर पुरली. तुझे टेबल सहा महिन्यांत उभे चिरले." पुढे तो काही बोलला नाही, आणि मलाही काही सुचले नाही.

मी कळसाडी गाठली. आप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "फळीला हलायला जागा ठेवली होती का?" लाकूड कितीही जुने असो, ते हवेतला ओलावा घेते आणि सोडते. लांबीला त्यात जवळजवळ फरक पडत नाही, पण रुंदीला ते पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दीड फूट रुंद सागाच्या फळीतसुद्धा हा फरक दोन-तीन मिलिमीटर भरतो, आणि साग तर त्यातल्या त्यात गरीब स्वभावाचा! श्रावणात फुगलेली फळी मी जखडली. वैशाखात तिला आकसायला वाव मिळेना, म्हणून ती फाटली. उपाय साधा होता. फळीच्या खाली लहान लाकडी ठोकळे स्क्रूने बसवायचे, आणि त्यांची जीभ चौकटीच्या आडपट्टीतल्या खाचेत मोकळी ठेवायची. फळी घट्ट बसते, पण हवी तेव्हा सरकते.

पुढची दोन टेबले मी तशीच केली. एक ताईला दिले. दुसऱ्याच्या फळीत पाळण्याच्या कडीचे भोक आले होते. खरे सांगायचे तर ती फळी मी पहिल्यापासून स्वतःसाठी बाजूला ठेवली होती, आणि हे कुणाला कळू दिले नव्हते.

या नवरात्रात मी ते टेबल घेऊन जळगावला गेलो. दादाने दोन्ही हातांनी ते हलवून पाहिले. हलले नाही. मग त्याचे बोट त्या भोकापाशी थांबले. "हे तुझ्याकडे नको का?" त्याने विचारले. मी म्हणालो, "त्या पाळण्यात पहिला तू झोपलास."

चिरलेले टेबल मी परत आणले. चीर सागाच्या पट्टीने बुजवली आहे, फळी मोकळी केली आहे. यंदा लक्ष्मीपूजन त्याच्यावरच होईल. दादा आणि ताई दोघेही येणार आहेत.