विश्लेषण : कोलेस्टेरॉलच्या गोळीने झोप उडते का?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतील अनेक रासायनिक कारखाने रात्रीही सुरू असतात. पाळ्या बदलत काम करणाऱ्या कामगाराच्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले, की स्टॅटिनची गोळी सुरू होते. पुढे झोप किंवा पोट बिघडले, की संशय गोळीवर जातो आणि ती परस्पर बंद होते. हे जिवावर बेतू शकते.

गोळी काय करते?
जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये बुरशीतून पहिले स्टॅटिन मिळवले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एन्झाइमला ते अडवते. त्यामुळे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका घटतो.

झोपेचे काय?
सिमव्हास्टॅटिन मेदात विरघळते, त्यामुळे ते मेंदूत शिरून झोप बिघडवत असावे, अशी शंका आहे. काहींना तसा त्रास होतोही. मात्र चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात झोपेवर ठळक परिणाम दिसलेला नाही. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांवर ब्रिटनमध्ये चाचणी झाली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, गोळीमुळे वाटणारा सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या नकली गोळीनेही झाला.

आणि आतड्यातील जीवाणू?
त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये युरोपातील अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टॅटिन घेणाऱ्या लठ्ठ व्यक्तींत, दाहाशी संबंधित जीवाणूरचना कमी प्रमाणात आढळली. हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. पण जीवाणूंचे नुकसानच होते, ही भीती त्यातून खरी ठरत नाही.

मग दोष कुणाचा?
रात्रपाळी, दिवसाची तुटक झोप आणि अवेळी जेवण यांनी झोप आणि पोट दोन्ही बिघडतात. रात्रपाळीचा हृदयविकाराशीही संबंध आढळला आहे. म्हणजे ज्याला गोळीची गरज जास्त, तोच ती सोडण्याची शक्यता जास्त.

म्हणून तपासणीच्या कागदावर रक्तदाबासोबत पाळीचाही रकाना हवा. सिमव्हास्टॅटिन सहसा रात्री घेतात. अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन दिवसातून कधीही चालतात. पाळी पाहून कोणती गोळी, कोणत्या वेळी, हे डॉक्टरांनी ठरवावे. कामगारानेही त्रास लपवू नये. तीव्र स्नायुदुखी किंवा गडद लघवी झाल्यास लगेच दवाखाना गाठावा. कंपन्यांनी तपासणीचा अहवाल फायलीत न ठेवता पाळ्यांचे वेळापत्रक आखताना समोर ठेवावा. गोळी बदलता येते, तशी पाळीही बदलता येते.