यंत्राची साक्ष, रुग्णाचं दुखणं

अंगठा स्नायूवर दाबायचा, नख पांढरं पडेपर्यंत. जोर साधारण 4 किलोचा. तीन महिने अंगभर दुखणं असेल आणि अशा ठरलेल्या 18 जागांपैकी 11 ठिकाणी रुग्ण कळवळला, तर फायब्रोमायाल्जिया. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा हा 1990 चा निकष. दहाच जागी कळवळला तर? बिचाऱ्याचं दुखणं एका गुणाने नापास! 2010 मध्ये याच संघटनेने नव्या निकषांतून ही मोजदाद काढून टाकली. पण तिच्यामागची समजूत काही गेली नाही: रुग्ण वाढवून सांगेल, यंत्र खोटं बोलणार नाही.

यंत्र खोटं बोलत नाही, कबूल. पण दाब मोजणाऱ्या यंत्रावर आकडा थांबतो कधी? रुग्ण 'बस' म्हणतो तेव्हा. म्हणजे ज्याच्या शब्दावर भरवसा नाही, त्याचाच शब्द किलोत लिहून घ्यायचा आणि त्याला पुरावा म्हणायचं.

बर्फाच्या पाण्यात हात बुडवायची चाचणी घ्या. मिनिटाभरात हाडं ठणकतात; पण हात केव्हाही बाहेर काढता येतो, हे बुडवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. दहा वर्षं कंबर दुखणाऱ्याने कंबर कुठून बाहेर काढायची? हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी दुसऱ्या महायुद्धात पाहिलं होतं, की गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुतेकांनी वेदनाशामक मागितलंच नाही. जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती. प्रयोगशाळेतल्या कळेला असा अर्थ कुठून येणार? पाठ-मानेच्या दुखण्यावरच्या अभ्यासांचा 2013 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही चाचणीतला वेदनेचा उंबरठा आणि रुग्णाने सांगितलेला त्रास यांचं नातं क्षीणच निघालं.

मग चाचण्या अडगळीत टाकायच्या? मुळीच नाही. दुखणं खरं की खोटं हे त्यांना विचारू नये, एवढंच. मज्जासंस्था कळ कशी हाताळते, हे त्या बरं सांगतात. एकीकडे कळ दिली की दुसरीकडची थोडी दबते. शरीराचा हा स्वतःचा लगाम काहींमध्ये ढिला असतो. डेव्हिड यार्नित्स्की आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये मधुमेहामुळे नसा दुखणाऱ्या मोजक्या रुग्णांत हा लगाम आधी तपासला, मग ड्युलॉक्सेटिन दिलं. लगाम जितका ढिला, तितका औषधाचा गुण जास्त. आणि गुण आला हे ठरवलं कशावरून? रुग्णांनी स्वतःच्या दुखण्याला दिलेल्या आकड्यांवरून.