लिलावाची गाडी : बोलीआधी यार्ड पाहा

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगाम सुरू झाला की पिकअपला मागणी येते. शेतातून बाजारापर्यंत क्रेट पोचवणाऱ्याला रोज काम मिळते आणि ज्याच्या दारात स्वतःची गाडी आहे त्याच्या घरात चार पैसे शिल्लक राहतात. जुलै २०२३ मध्ये वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, तेव्हा तर ज्याला त्याला वाटले की आपलीही एक गाडी असावी. ओतूर-आळेफाट्याचा कांदा, सातगाव पठाराचा बटाटा, मंचरची भाजी, हा सगळा माल चाकांवरच चालतो. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागातील आमच्या अनेक बागवान, आतार, शेख, इनामदार बांधवांची रोजी या चाकांशी बांधलेली आहे. म्हणूनच मोबाईलवरील वाहन-लिलावाच्या नावाने जी लूट चालली आहे तिच्याविषयी या पानावर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रकरण आमच्या माहितीतले आहे, नाव देण्याचे कारण नाही. एका तरुणाला फेसबुकवर जाहिरात दिसली. एका बँकेचे बोधचिन्ह, खाली ‘जप्त वाहनांचा ऑनलाइन लिलाव’ असा मजकूर आणि बाजारात पाच लाखांच्या पुढे जाणारी पिकअप एक लाख नव्वद हजारांच्या आधार किमतीला. गाडीचे दहा फोटो, आरसीची प्रत, सगळे व्यवस्थित. दहा हजार अनामत भरली. संध्याकाळी मोबाईलवर बोली सुरू झाली. समोरून कोणीतरी दोन लाख म्हणे, कोणी दोन लाख पाच. याने दोन लाख पंधरा हजार टाकले आणि लगेच अभिनंदनाचा संदेश आला. मग फोन सुरू झाले. पंचवीस टक्के आजच भरा नाहीतर अनामत जप्त होईल, म्हणून ५३,७५० रुपये. दुसऱ्या दिवशी जीएसटी आणि गेटपास, म्हणून १८,५०० रुपये. एकूण ८२,२५० रुपये गेल्यावर तो चाकणजवळच्या दिलेल्या पत्त्यावर पोचला. तिथे दगडी कुंपणाचा मोकळा प्लॉट होता, आत गवत वाढलेले. यार्ड नाही, वॉचमन नाही, गाडी तर नाहीच. फोटोतली गाडी दुसऱ्याच कुणाची होती. त्या भल्या माणसाने ती विकायला म्हणून दुसरीकडे टाकली होती आणि तिथून फोटो उचलले गेले होते.

त्या बोलीत त्याच्याशिवाय खरा माणूस एकही नव्हता, असे आमचे ठाम मत आहे.

आता हा पैसा कुठून आला ते पाहा. थोडा भिशीचा, थोडा पत्नीच्या बांगड्या विकून आलेला. व्याजाचे कर्ज नको म्हणून त्याने वाहनकर्ज टाळले होते. ही गोष्ट अभिमानाची आहे, तिच्यावर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एक बाजू आपण ध्यानात घेत नाही. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याच्या वतीने बँक किंवा फायनान्स कंपनीचा माणूस गाडी पाहतो, कागद तपासतो, किंमत ठरवतो, कारण त्यांचा पैसा अडकणार असतो. रोख देणाऱ्याच्या वतीने कोणीच काही पाहत नाही. ते काम त्याने स्वतः करायचे असते आणि नेमके तेच राहून जाते. व्याजापासून वाचलेली रोकड ठगाच्या खात्यात गेली, यापेक्षा वाईट काय?

लिलाव ही पद्धत मुळात वाईट नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एक गरजू अन्सारी मदत मागण्यास आला असता त्यांनी त्याच्या घरातील कांबळे आणि पाण्याचा प्याला मागवून सर्वांसमोर बोली लावली. एकाने एक दिरहम म्हटले, दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचे धान्य आणि दुसऱ्याची कुऱ्हाड घेऊन त्याला लाकडे तोडण्यास पाठविले. म्हणजे ज्या लिलावातून माणसाच्या हाती रोजीचे साधन आले तो लिलाव आपल्यासमोर आहे. त्याच शिकवणीत घ्यायचे नसताना केवळ भाव चढविण्यासाठी बोली लावण्यास, ज्याला फिकहमध्ये नज्श म्हणतात, स्पष्ट मनाई आहे. जी वस्तू आपल्या ताब्यात नाही ती विकण्यासही मनाई आहे. वर सांगितलेल्या प्रकरणात ही दोन्ही पापे एकाच संध्याकाळी झाली.

हा धंदा आपल्याकडेच आहे असे नाही. रुमानियातील एका टोळीने ईबे व तत्सम लिलाव-संकेतस्थळांवर मोटारी, मोटारसायकली इत्यादींच्या हजाराहून अधिक खोट्या जाहिराती टाकल्या होत्या. फोटोवर बोट ठेवले की ग्राहक हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बनावट पानावर जाई आणि तिथे अस्तित्वातच नसलेल्या मध्यस्थाच्या नावाने पैसे भरी. २०१९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात खटला चालून दोघांना वीस आणि अठरा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे शिकलेल्या, श्रीमंत देशातली माणसेही फसली. आपल्याकडे त्याचीच घरगुती आवृत्ती म्हणजे लष्करी जवान असल्याचे सांगून, बदली झाली म्हणून मोटारसायकल स्वस्तात विकतो असे म्हणणारा फोन. गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाहून आपण विरघळतो. एक साधी गोष्ट घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावी : यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. परतावा देतो, कोड स्कॅन करून पिन टाका, असे म्हणणारा चोर असतो.

खरा लिलाव कसा असतो ते माहीत असले की खोटा लवकर ओळखू येतो. सरकारी खात्यांची जुनी वाहने एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत ऑनलाइन विकली जातात. बँका व फायनान्स कंपन्यांची ओढून आणलेली वाहने त्यांनी नेमलेल्या लिलाव कंपन्यांमार्फत जातात. अशा लिलावात बोलीच्या आधी यार्डात गाडी पाहण्याचे दिवस ठरलेले असतात. अनामत संस्थेच्या खात्यात भरायची असते, कुणा व्यक्तीच्या मोबाईल नंबरवर नाही. गाडी ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर विकली जाते, म्हणजे नंतर इंजिन बसले तरी तक्रार ऐकली जात नाही. आणि सर्वांत मोठी बोली लागली म्हणजे गाडी आपली झाली असेही नव्हे. बहुधा बँकेची मंजुरी बाकी असते. त्यामुळे ‘आज रात्रीच भरा’ असा घायकुतीचा फोन आला की तिथेच शंका यावयास हवी. ज्याला खरोखर गाडी विकायची आहे त्याला तुम्ही ती पाहिलेली हवी असते.

परंतु लिलाव खरा असला तरी नुकसान होते, आणि हा भाग अधिक नाजूक आहे. २०२१ साली नवी मुंबई पोलिसांनी पनवेल परिसरातील एका टोळीकडून दीडशेच्या आसपास मोटारी जप्त केल्या. पुराच्या पाण्यात खराब झाल्याने मोडीत काढलेल्या त्या गाड्या भंगार म्हणून घेऊन, चॅसिस नंबर बदलून, परराज्यांत नोंदणी करून सामान्य ग्राहकांना विकल्या गेल्या होत्या. ग्राहकाच्या हाती आरसी होते, गाडी चालत होती, आणि तरीही ती गाडी कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावर यायलाच नको होती. म्हणून परराज्याच्या नंबरची गाडी स्वस्तात दिसली की आपण खुश न होता थांबावे. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या गाड्या पिंपरी-चिंचवडच्या एमएच १४ खाली येतात. त्याच कार्यालयातील गाडी घेतली तर हेलपाटे कमी आणि माहिती काढणेही सोपे. बाहेरच्या कार्यालयाची गाडी असल्यास नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये.

यार्डात जाताना आपला मिस्त्री बरोबर न्यावा. त्याचे दिवसाचे पैसे वाचवणारा हजारांनी बुडतो. चॅसिसवर कोरलेला नंबर कागदाशी ताडून पाहावा, त्या जागी ताजा रंग किंवा घासल्याची खूण असेल तर माघारी फिरावे. सीटच्या खालचे पत्रे, पायाखालची चटई उचलून चिखलाचा थर आणि गंज पाहावा. पुरातली गाडी वरून कितीही चमकवली तरी वायरिंगच्या गाठींत तो चिखल राहतोच. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. पेडलचे रबर आणि स्टिअरिंग किती झिजले आहे ते मीटरपेक्षा खरे बोलते.

कागदांची गोष्ट थोडी रुक्ष आहे, पण खरे भांडण इथेच होते. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विमा, फिटनेस, कर्जाचा बोजा हे दिसते. दंडाची चलने वेगळी पाहावी लागतात आणि मालवाहू गाडीवर ती पुष्कळ साचलेली असतात. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, तो खर्च हिशेबात धरावा. आरसीवर फायनान्स कंपनीचे नाव असेल तर नमुना ३५ आणि कंपनीचे पत्र हवे. हस्तांतरणाला नमुना २९ आणि ३०. जप्त गाडीत अडचण अशी की आरसीवर नाव मूळ कर्जदाराचे असते आणि ज्याची गाडी ओढून नेली तो सही करायला कशाला येईल? अशा वेळी फायनान्स कंपनीने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ खाली नमुना ३६ भरून आधी आपल्या नावाचे आरसी घ्यायचे असते. हे झाले आहे की नाही, आणि नसल्यास कोण करणार, हे बोलीआधी लेखी विचारावे. ‘नंतर होऊन जाईल’ हे उत्तर म्हणजे उत्तर नव्हे.

नावावर न झालेली गाडी वर्षानुवर्षे चालविण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. सही केलेले कोरे फॉर्म डिकीत ठेवायचे आणि गाडी तिसऱ्याला विकायची. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की अपघाताच्या दिवशी नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून फिरली असो. विकणाऱ्या बांधवांनी हे नीट वाचावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक आहे. डीलरकडे ते मागण्यात संकोच नको.

आणि विकणारे तरी सगळे परके आहेत का? मीटर मागे करून देणारे, गिअरबॉक्सचा आवाज दाबण्यासाठी घट्ट तेल भरणारे हात आपल्याही मोहल्ल्यात आहेत, हे कबूल केले पाहिजे. इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एक सदोष कापड दोष न सांगता विकले, ग्राहकही सापडेना, तेव्हा त्यांनी त्या विक्रीचा पैसा दान करून टाकला असे सांगितले जाते. प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल बाहेर काढली होती. आज ती ओल बोनेटखाली असते इतकेच.

जप्त गाडी घ्यावी की नाही, हाही प्रश्न काही वाचक विचारतात. ती कुणाची तरी गेलेली रोजी असते. मसला उलमांना विचारावा. आमचे मत इतकेच की मूळ मालक तालुक्यातलाच असेल आणि ओळख निघत असेल तर बोलीआधी त्याला एकदा भेटावे. गाडी का गेली, तिला काय झाले होते, वाद कोर्टात आहे का, हे त्याच्याइतके खरे कोणी सांगणार नाही. कित्येकदा उरलेली बाकी मिळून फेडून गाडी त्याच्याकडेच ठेवण्याचा मार्गही निघतो.

फसवणूक झालीच तर लाज बाळगून घरात बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण पैसा पहिल्या काही तासांतच एका खात्यातून दुसऱ्यात पळतो आणि तेवढ्यात कळवले तर तो गोठवता येतो. मग जुन्नर, ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव, जे ठाणे जवळ असेल तिथे लेखी तक्रार द्यावी. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या ४२० ऐवजी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. वरील तरुणाने चार दिवस कोणाला सांगितले नाही. वडील रागावतील म्हणून.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा आणि दोन साक्षीदार घ्या, असा आदेश दिव्य कुरआनच्या सूरह अल्-बकरामध्ये आहे आणि ती कुरआनमधील सर्वांत मोठी आयत आहे. मोबाईलवर रात्री एकट्याने बोली लावणाऱ्या माणसाला साक्षीदार कुठला? आमची सूचना अशी की प्रत्येक गावातील एक जुना मिस्त्री आणि आरटीओचे कागद समजणारा एक जाणता, अशा दोघांनी जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास मशिदीबाहेर बसावे. ज्याला गाडी घ्यायची आहे त्याने जाहिरात आणि आरसीची प्रत त्यांना दाखवावी. त्यासाठी संस्था नको, नोंदणी नको, फलक नको.

तो तरुण या हंगामात दुसऱ्याच्या पिकअपवर मजुरीने क्रेट वाहतो आहे. भिशीचे हप्ते अजून चालू आहेत.