विश्लेषण : पंचवीस किलोच्या बोकडातून मटण किती निघते? उतारा नेमका कशावर ठरतो?

गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा परिसरात आणि वैनगंगेपलीकडच्या चंद्रपूरच्या गावांत शेळी म्हणजे अडीअडचणीची पुंजी. धानाची रोवणी असो की दवाखाना, हाताशी पैसा नसला की बोकड विकला जातो. सौदा मात्र अनेकदा नजरेच्या अंदाजावर होतो. घेणाऱ्याला मटणाचा हिशेब पाठ असतो, विकणाऱ्याला नसतो. हा हिशेब काय आहे?

गोवंश का नाही?

महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने बंदी होती. मार्च 2015 पासून ती वळू आणि बैलांनाही लागू झाली. म्हशी-रेड्यांसाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. या भागातील ‘कठाणी’ गोवंशाला 2023 मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली, पण तिची ओळख धानाच्या चिखलात राबणारे काटक बैल अशी आहे. त्यामुळे मांसासाठीचे पशुपालन येथे मुख्यतः शेळीवर उभे आहे.

उतारा म्हणजे काय?

जनावराच्या जिवंत वजनापैकी कातडे, डोके, पाय आणि पोटातील अवयव काढल्यावर उरणाऱ्या धडाचे प्रमाण म्हणजे उतारा. शेळ्यांमध्ये तो साधारण 43 ते 50 टक्के असतो. म्हणजे 25 किलोच्या बोकडातून 45 टक्क्यांनी सव्वाअकरा किलो आणि 48 टक्क्यांनी 12 किलो धड मिळते. पाऊण किलोचा हा फरक पोसण्यातून पडतो.

तो कशामुळे कमी-जास्त होतो?

पहिले कारण चारा. पावसाळ्यात हिरवा पाला मुबलक असतो, उन्हाळ्यात बोकड वाळतो. नुसत्या तणसावर मांस चढत नाही. सुबाभूळ, शेवरीचा पाला आणि रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक दिल्यास वाढ टिकते.

दुसरे कारण जंत. धानाच्या बांध्या आणि तलावांच्या ओलसर काठावरील गोगलगायींमधून यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमींचा फैलाव होतो. जनावर खंगते आणि बाधित काळीज फेकून द्यावे लागते. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतनाशक देणे म्हणूनच फायद्याचे ठरते.

तिसरे कारण वय आणि खच्चीकरण. साधारण 9 ते 12 महिन्यांच्या बोकडाचे मांस कोवळे असते. वय वाढते तसे ते चिवट होत जाते. लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाच्या मटणाला उग्र वास येत नाही आणि चरबीही बऱ्यापैकी धरते.

वजन फसवते का?

हो. भरल्या पोटी वजन जास्त दिसते, पण पोटातील चारा-पाणी मटणात मोजले जात नाही. त्यामुळे तोच बोकड उपाशी मोजला तर उताऱ्याची टक्केवारी वाढते, धड मात्र तेवढेच राहते. म्हणून भाव ठरवताना वजन चरून आल्यावरचे की उपाशीपोटीचे, हे दोघांनीही आधी स्पष्ट करावे.

वाहतुकीचा परिणाम काय?

पाय बांधून दुचाकीवर आडवा टाकलेला बोकड घाबरतो, धडपडतो. स्नायूंतील साखरेचा साठा संपतो आणि कापल्यानंतर मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही. असे मटण काळपट, कोरडे दिसते आणि लवकर खराब होते. मार लागलेला भाग वेगळा काढावा लागतो. औषध दिल्यावर त्यावर नमूद केलेला कालावधी संपेपर्यंत जनावर मांसासाठी विकू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

काटा नसेल तर?

शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 26 इंच आणि लांबी 24 इंच असल्यास वजन सुमारे साडेचोवीस किलो भरते. 45 टक्क्यांनी धड 11 किलो. त्याला बाजारातील मटणाच्या भावाने गुणावे, कातडे-मुंडी-पायांची किंमत मिळवावी आणि खाटकाची मजुरी व नफा वजा करावा. उरलेला आकडा हाताशी असला, की नजरेच्या अंदाजावर मान डोलावण्याची वेळ येत नाही.